दोन वाल

राहनाळ, ता. भिवंडी
७ नोव्हेंबर १९७६

चि. तुळजा हिला आशीर्वाद.

पत्र पाहून चकित होशील. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाही. तू आयला लिहितेस ते रघू मास्तरांच्या पत्त्यावर. मास्तर संध्याकाळी आपल्याकडे येतात, ओट्यावर बसून तिला वाचून दाखवतात आणि मी आत भिंतीला टेकून ऐकतो. शेवटी तू सगळ्यांची चौकशी करतेस. बैलांचीसुद्धा नावं घेतेस. माझ्या जागी मात्र 'घरातले इतर' एवढंच येतं. गेल्या महिन्यात आयने विचारलं, "इतर म्हंजे कोन?" मास्तर खोकले आणि पुढचं वाचू लागले.

मी सध्या रिकामा आहे. सभांना मनाई होऊन सव्वा वर्ष उलटलं. यंत्रमाग कामगारांच्या आमच्या युनियनच्या कचेरीला कुलूप आहे. बारा वर्षं ज्या माणसाने दर रविवारी कुठल्या ना कुठल्या चौकात टेबलावर उभं राहून भाषण केलं, त्याने आता रविवारी करायचं काय? वाचतो. चीनच्या शेतकऱ्यांवर वाचलं, फ्रान्सच्या क्रांतीवर वाचलं. पण वाचलेलं कोणाला सांगायचं नाही, हे मला जमत नाही. आय म्हणते, "भिंतीला सांग. ती उलटून बोलत न्हाय."

ही सातवी भाऊबीज तुझ्याशिवाय गेली. मला ओवाळणं-बिवाळणं नको, तो विषय मी केव्हाच सोडला. तू पूर्वी मला ज्या नावाने हाक मारायचीस त्या नावाने एकदा मारावीस, एवढीच इच्छा आहे. तुला ठाण्याला नर्सच्या प्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेला जायचं होतं, नेमकी त्याच दिवशी सायकलीची हवा गेली आणि मी घरी नव्हतो, म्हणून तू रागावलीस हे मी समजू शकतो. पण हवा काय, कोणाच्याही चाकातली जाते.

तू हो म्हणालीस तर तुझ्याकडे येऊन जाईन. उलट टपाली कळव. (हे पत्र वाटेत कोणी उघडून वाचलं असेल तर त्यांनाही माझा नमस्कार.)

तुझा भाऊ,
लडकू

*

राहनाळ
१७ नोव्हेंबर १९७६

चि. तुळजा,

उत्तर आलं नाही. टपालखात्याचा दोष असावा. रविवारी येतो. सायकलने येतो.

लडकू

*

राहनाळ
२२ नोव्हेंबर १९७६, सोमवार

तुळजा,

काल मी तुझ्या गावात येऊन गेलो. हे तुला एव्हाना कळलं असेल, कारण मी तिथे जे केलं ते नऊ बायका आणि एक म्हातारा यांच्यासमोर केलं. पण त्यांनी सांगितलेलं अर्धं असणार. उरलेलं अर्धं मी लिहितो. तळहाताला फोड आले आहेत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

उजाडायच्या आधी निघालो. तीच काळी सायकल, जिच्यावर मी तुला खाडीच्या बांधावर शिकवलं आणि जिच्यावरून तू दोनदा खाजणात पडलीस. भिवंडीत हवा भरायला मिस्त्रीकडे थांबलो. त्याने गाडी लगेच ओळखली.

"लडकूभाई, वाडा रोड? सायकल पे? बस को क्या हुआ?"

मी म्हटलं, बसमधून काही दिसत नाही.

"देखने का है तो ठीक है," तो पंप मारत म्हणाला. "इस गाडी में से मैंने एक दफा इतनी घास निकाली थी, के बकरी का पेट भर जाए. आपकी बहन ने..."

मी पाय मारला आणि निघालो. तुझं नाव कोणी काढलं की मला घाई असते, ही माझी सात वर्षांची सवय आहे.

शहर संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट होता. रविवारीही शिफ्ट चालू. शेलार मागे पडलं तसा तो आवाज विरला आणि मला माझ्या साखळीचा आवाज ऐकू येऊ लागला. उजाडलं तेव्हा दोन्ही हातांना कापलेली शेतं होती. ज्यांची कापणी लवकर झाली त्यांच्या खाचरांत ओल धरून वालाची रोपं दोन दोन पानांवर आली होती. बांधाबांधावर भाताच्या उडव्या रचलेल्या. एक उडवी रचायची म्हणजे काय, हे मी विसरलो होतो. कणसं आत, बुडखे बाहेर, वर निमुळती होत जाणारी, की अवकाळी सर आली तरी पाणी आत शिरणार नाही. कुठल्या कॉलेजात शिकवतात हे? रस्त्याच्या कडेला एक बाई डोक्यावर गवताचा एवढा भारा घेऊन चालली होती की मागून फक्त भारा आणि दोन टाचा दिसत होत्या. मी तिच्या मागून अर्धा मैल हळूहळू गेलो. तिच्या चालीत एक पाऊल कमी-जास्त पडलं नाही.

याच रस्त्याने मी वीस वेळा गेलो आहे, तुळजा. आमच्या जीपमधून, कर्णा लावून. 'शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणत गेलो आहे. जीपमधून शेत दिसतं. सायकलवरून जाताना समोरचा माणूस मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि तुम्हाला त्याच्याकडे बघावंच लागतं. एकाने ओरडून विचारलं, "कुठं चाललाव?" मी सांगितलं. तो म्हणाला, "लांब हाय, पानी पिऊन जा." बारा वर्षांत माझ्या एकाही श्रोत्याने मला पाणी विचारलं नव्हतं. मी कधी थांबलोच नव्हतो ना.

अंबाडीला चहा घेतला. हॉटेलवाल्याला तुझ्या गावाचं नाव सांगितलं तर त्याला कळेना. मग कळलं. "असं सांगा की! सायकलवाल्या बायचं गाव." तिथून पुढे त्या गावाचं नाव कोणी घेतलंच नाही. कुडूसच्या पुढे फाट्यावर एक म्हातारा बसला होता. त्याने तर हाताने घंटी वाजवल्याची खूण केली आणि उजवीकडे बोट दाखवलं. मला अभिमान वाटला. मग वाटलं, मला कसला अभिमान? मी काय केलं?

फाट्यापासून आत कच्चा रस्ता. मैलभर गेलो आणि बोरीच्या काट्याने मागचं चाक बसलं. पंप होता, पण पंपाने भोक बुजत नाही. सायकल ढकलत चाललो. उन्हं डोक्यावर आली होती. पुढच्या वळणावर खळं लागलं. शेणाने सारवलेलं, आरशासारखं. बायका आडव्या लाकडावर पेंढ्या झोडत होत्या. त्यांच्यात एक म्हातारी, ठमाबाई. तिचा नवरा महादू एका बाजूला सुपाने भात वारवत होता आणि सून राही कणसं गोळा करत होती. ही माणसं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, पण मी त्यांना काल पहिल्यांदा पाहिलं.

"का रं बाबा, सायकल मेली का?" ठमाबाई म्हणाली.

"पंक्चर आहे, मावशी. जवळ कोणी मिस्त्री आहे का?"

"मिस्त्री कुडूसला. हितं मी हाय. आन हिकडं."

तिने माझ्या हातातून सायकल काढून घेतली, उलटी केली आणि खुरप्याच्या दांड्याने टायरची एक कड रिमच्या बाहेर काढली. ट्यूब ओढून माझ्या गळ्यात घातली. "हार घाल पावन्याला," राही म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग ठमाबाईने झोडलेल्या पेंढ्याला पाण्याचा हात लावला, दोरीसारखे पीळ दिले आणि ते पीळ टायरात दाबून भरायला सुरुवात केली. वीतभर भरायचं, मुठीने ठोकायचं, पुन्हा वीतभर. मी मदतीला हात घातला तर म्हणाली, "सैल ऱ्हातंय तुझं. सैल ऱ्हायलं तर दहा पावलांवर भुसा व्हईल." अर्ध्या तासात चाक दगडासारखं टणक झालं.

"ही विद्या कुठली, मावशी?"

"आमच्या बायची. नर्सबायची. सगळ्या पाड्यांना तिनंच शिकीवलं." मग ती बोलायला लागली आणि मी ऐकायला लागलो. मला ऐकण्याची सवय नाही हे तुला माहीत आहे. गेल्या पावसात पलीकडच्या पाड्यावर एक बाई अडली होती आणि नाला भरून वाहत होता. बैलगाडीवाला माघारी फिरला. तू सायकल खांद्यावर घेतलीस, औषधांची पेटी डोक्यावर बांधलीस आणि छातीभर पाण्यातून गेलीस. "मी इचारलं, सायकल कशाला घेतलीस गं खांद्यावर? तर म्हनली, मावशी, पल्याड गेल्यावर अजून दोन मैल हायत की!"

ही गोष्ट तू आयला पत्रात लिहिली नाहीस. तू लिहिलंस, 'यंदा पाऊस बरा झाला.'

महादूने सूप खाली ठेवलं. "ती पेंढ्याची गोस्ट सांग ना, पयली."

"व्हय. बाय परीक्षा द्याया निघाली व्हती ठान्याला. सकाळी बघते तर सायकलीची हवा गेलेली. दोन्ही चाकांची! मग हिनं काय केलं, घरच्या माचावरचा पेंढा ओढला, भरला दोन्ही चाकांत, नि गेली खडखड खडखड भिवंडीपातूर. बस गाठलीन. पास झाली."

तुळजा, मी ट्यूबचा हार गळ्यात घालून तिथे उभा होतो. सात वर्षं मी धरून चाललो होतो की तू राहनाळपासून भिवंडीपर्यंत चालत गेलीस. त्या चालण्याची लाज मी रोज थोडी थोडी गिळत आलो होतो. आणि तू चाललीच नव्हतीस. माझ्याच सायकलवर बसून माझ्या नाकावर टिच्चून निघून गेली होतीस. मिस्त्रीची ती घास कुठली, ते मला तिथे, त्या खळ्यावर कळलं.

"दोन्ही चाकं एकदम?" मी कसंबसं विचारलं.

"ह्या म्हाताऱ्यानं बी हेच इचारलं," ठमाबाई म्हणाली. "दोन काटे एका रातीत लागतात का गं? तर बाय हसली नि म्हनली, एकच व्हता मावशी. पन मोठा व्हता. आमच्या घरातला. लाडाचा काटा."

लाडाचा काटा. माझं नाव त्या बायकांना ठाऊक नव्हतं म्हणून बरं.

राही माझ्याकडे निरखून बघत होती. "तुमी बायच्या कोनाचं? तुमचं नाक तिच्यासारखं हाय."

"मी तिचा भाऊ."

सगळं खळं एकदम बोलायला लागलं. "दादूस! बायचा दादूस आला!" तूच त्यांना तो शब्द शिकवला असणार. त्यांच्यात तो नाही. बारा वर्षांची होतीस तेव्हा मी तुला सांगितलं होतं, 'दादूस' म्हणू नकोस, 'दादा' म्हण, चारचौघांत गावंढळ दिसतं. आणि काल नऊ अनोळखी बायका मला त्याच शब्दाने बोलावत होत्या.

"बाय सांगते, तिचा दादूस लई मोठा बोलनारा हाय," ठमाबाई म्हणाली. "त्यानंच शिकीवली तिला सायकल. बोल की काय तरी."

सव्वा वर्ष मी या एका वाक्यासाठी तडफडत होतो. 'बोल की काहीतरी.' समोर श्रोते, वर आभाळ, पोलीस नाही. मी ट्यूब गळ्यातून काढली आणि लाकडावर उभा राहिलो.

मी बोललो ते खरं बोललो. म्हटलं, आयांनो, सात वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मानकोलीच्या सभेत छाती ठोकून सांगितलं होतं, की ज्या गावातून मुलगी सायकलवर बसून शिकायला जाते त्या गावाला कोणी गुलाम करू शकत नाही. टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी आमच्या भावकीतला चिंधू पाटील माझ्या दारात येऊन म्हणाला, 'दुसऱ्याच्या पोरी नाचव तू. तुझी बहीण उद्या भर गावातून सायकल दामटणार, मग आमच्या पोरी काय शिकतील? मग बघतो तुला पंचायतीत कोण निवडून देतो.' मी त्याला उत्तर दिलं नाही. जगातल्या सगळ्या क्रांत्या ज्याला पाठ होत्या त्याला एका चिंधूला देण्यासाठी उत्तर सापडलं नाही. सकाळी तुम्हा सगळ्यांची बाय उठायच्या आत मी सायकलीचे दोन्ही वाल काढले आणि खिशात घालून मुंबईला भाषणाला निघून गेलो.

एवढं बोलून मी थांबलो. दगड पडायची वाट बघत होतो म्हण.

ठमाबाई राहीकडे बघून म्हणाली, "वाल काढले?"

"हो."

"मे महिन्यात?"

"हो मावशी."

"मे महिन्यात कुठलं रं वाल? ते तर फागुनातच काढून व्हतात."

"आनि काढलं तर काढलं," दुसरी म्हणाली. "बहिनीच्या वाट्याचं व्हतं का?"

"शिजवून खाल्लेस का विकलेस?" महादूने विचारलं.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं भाषण, आणि ते वालाच्या शेंगांत अडकलं. मला हसू येईना आणि रडूही येईना. शेवटी मी लाकडावरून खाली उतरलो, उलट्या सायकलपाशी गुडघ्यावर बसलो आणि पुढच्या चाकाची टोपी काढून वालाचा आटा फिरवला. फुस्स करून हवा गेली. पितळेची ती बोटाच्या पेराएवढी वस्तू मी हातावर ठेवून त्यांना दाखवली. "हा वाल. असे दोन. मी काढले."

आता त्यांना कळलं. राहीने तोंडावर पदर घेतला. ठमाबाईने वाल उचलून उलटासुलटा केला आणि परत माझ्या हातावर ठेवला.

"म्हंजे तो काटा तू व्हय," ती म्हणाली.

"मीच."

"बोलून झालं?"

"झालं."

"मंग घे ही पेंढी नि झोड. तुज्या टायरापायी माजा अर्धा तास गेला."

मी चाळीस पेंढ्या झोडल्या. पहिल्या पाचांत खांदे भरून आले. दहाव्याला हाताला फोड आला. बाजूला सत्तरीची ठमाबाई एका लयीत झोडत होती. पेंढी डोक्यावर, लाकडावर, अर्धी फिरवून पुन्हा लाकडावर, आणि दाणा सगळा लाकडाच्या पुढे पडत होता. माझा चहूकडे उडत होता. "भाषन उडवल्यागत उडवतोय," महादू म्हणाला. तुळजा, मी या बायकांच्या वतीने बारा वर्षं बोललो. त्यांच्या कष्टावर माझी वाक्यं जगली. त्यांना माझी गरज होती असं मी समजत होतो. त्यांना गरज होती ती तुझी आणि तू तिथे होतीस, सायकलीसकट. मी पुस्तकातून ज्या माणसाची वाट बघत होतो ते माणूस माझ्याच घरातून पेंढ्याच्या चाकांवर निघून गेलं होतं.

जेवायला त्यांनी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली. सगळ्यांच्या रांगेत बसवून दिली. तू पाड्यावर बाळंतपणाला गेली होतीस. "थांब. दिस कलायच्या आत येईल," ठमाबाई म्हणाली. मी म्हटलं, मला उद्या काम आहे. मला काही काम नव्हतं.

पुढच्या चाकात हवा भरली, मागचं पेंढ्याचं. निघालो. आणि फाट्याच्या अलीकडे लांबून तू येताना दिसलीस. पांढरी साडी, मागे पेटी. मी ओळखलं ते तुझ्या बसण्यावरून. बांधावर मी तुला सांगितलं होतं पाठ वाकवू नकोस, ती तू अजून वाकवत नाहीस.

हजारांसमोर उभा राहिलेला माणूस सायकल घेऊन एका उडवीच्या मागे गेला. मी तिथे उभा राहिलो. तू जवळ आलीस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी तू घंटी वाजवलीस. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. मग पुन्हा एकदा. सवय असेल. मग तू वळणाआड गेलीस आणि मी कुडूसला जाऊन ट्यूब जोडून घेतली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आयने सायकलीच्या आऱ्यांत अडकलेली पेंढ्याची एक काडी ओढून काढली, बोटांत फिरवली आणि म्हणाली, "कोनी भरला? पीळ बरा दिलाय."

"आये, तुला माहीत होतं? तुळजाने पेंढा भरला होता ते?"

"मीस तर पीळ वलून दिले. तुना काय वाटला, तुझे भाषनानं ती नर्स झाली?"

"मग सात वर्षं मला बोलली का न्हाईस?"

"तू कवा गप बसलास?"

यावर मी गप्प बसलो. ते आत्ता, हे पत्र लिहीपर्यंत.

पाकिटात दोन वाल घातले आहेत. ते त्या दिवसापासून माझ्या पुस्तकांच्या कपाटात, क्रांतीच्या पुस्तकांमागे, एका काड्यापेटीत होते. सात वर्षं मी 'हवा गेली' म्हणून खोटं बोललो आणि तू 'काटा लागला' म्हणून. मी स्वतःला वाचवलं. तूही मलाच वाचवलंस. पंधरा दिवसांपूर्वीच्या पत्रातही मी तेच खोटं लिहिलं, ते फाडून टाक.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. एकदा हाक मार. 'इतर' म्हणू नकोस.

लडकू

*

नर्सबाई, उपकेंद्र,
३० नोव्हेंबर १९७६

दादूस,

तुझं पाकीट ड्युटीवरून आले तेव्हा मिळालं. त्याआधी तिघांनी ते दाबून पाहिलं होतं. पोस्टमनने विचारलं, "बाई, यात वाल आहेत का?" मी म्हटलं, आहेत.

तुझं पहिलं पत्र पोचलं होतं. टपालखात्याला उगीच दोष देऊ नकोस. 'हवा काय, कोणाच्याही चाकातली जाते' हे वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

काटा कोणता ते मला त्याच सकाळी कळलं होतं. दोन्ही चाकांचे वाल एका रात्रीत गळून पडत नाहीत, आणि पडले तर वरच्या टोप्या पुन्हा बसवून जात नाहीत. इतकी नीट चोरी आपल्या घरात तूच करू शकतोस.

पण मी रागावले ते त्यासाठी नाही. चिंधूकाकाला मीही घाबरत होते. त्या संध्याकाळी तू मुंबईहून आलास, चप्पल काढलीस आणि आयला विचारलंस, "हवा कशी काय गेली?" मी दाराआड उभी होते. तुझा आवाज अगदी खरा वाटत होता. तेव्हा मला वाटलं, हा माणूस कुठलंही खोटं खऱ्यासारखं बोलू शकतो, मग याच्याशी बोलायचं कशाला? तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, खळ्यावर भाषण केलंस, पण ते वाक्य यात कुठे आलं नाही. विसरला असशील. मी सांगितलं, आता झालं.

मला 'दादा' म्हणायला जमलं नाही आणि 'दादूस' तू बंद केलंस, म्हणून मग मी काहीच म्हटलं नाही. तुला गावंढळ वाटत असेल तर सांग. मी बदलणार नाही, पण सांग.

वालांचं रबर सडलं आहे. पितळ चांगलं आहे. नवं रबर घालून एक मी माझ्या मागच्या चाकाला बसवला, काल बारा मैल गेले, हवा टिकली. दुसरा ठमाबाईने मागून घेतला. ती तो येईल त्याला दाखवते आणि तुझी गोष्ट तुझ्यापेक्षा चांगली सांगते, कारण थोडक्यात सांगते. इथे आता बायकांना नवीनच खूळ लागलं आहे. ज्याचा राग येईल त्याच्या सायकलीचा वाल काढायचा. राहीने परवा नवऱ्याचा काढला. तो तीन मैल चालत आला आणि भांडी घासायला बसला. हे सगळं तुझ्या भाषणाने झालं. तुझ्या बारा वर्षांतलं पहिलंच भाषण ज्याचा काही उपयोग झाला.

आयला सांग, पीळ मी आता तिच्याइतके घट्ट देते.

आणि ते उडवीचं. तू लिहितोस, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं तरी तू घंटी वाजवलीस. वेड्या, तू होतास की. उडवीच्या बाहेर तुझं मागचं चाक दिसत होतं, टायरातून पेंढा लोंबत होता. त्या गाडीचं चाक मी अंधारातही ओळखीन. एकदा वाजवली, तू आला नाहीस. दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा वळण आलं होतं, आणि माझे डोळे भरले होते, म्हणून थांबले नाही.

येत्या रविवारी ये. ठमाबाईच्या अजून दोन उडव्या झोडायच्या आहेत. फाट्यावरून आत वळलास की घंटी वाजव.

मी कुठे लपणार नाही.

तुळजा